फरक कळतो, बाजू कळत नाही

पहाटे सहाच्या सुमारास कॉर्पोरेशनचं पाणी येतं आणि पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या तळमजल्यावर मोटारी सुरू होतात. सहकारनगरातल्या अशाच एका इमारतीत जमिनीखालच्या टाकीशेजारी दोन मोटारी बसवलेल्या आहेत. एकटी चालते तेव्हा प्रत्येकीचा आवाज सरळ, कंटाळवाणा, लगेच विसरून जावा असा. दोन्ही एकदम लागल्या की मात्र आवाजाला लाटा येतात. फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी वॉचमनला सांगितलं, "अरे, मोटर धापा टाकतीय बघ, बेअरिंग गेलं असणार." प्लंबर आला. त्यानं एकेक मोटर वेगळी चालवून बघितली, हात लावून बघितला, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं. दोन्ही ठणठणीत. दोन्ही एकदम लावल्या की पुन्हा धाप. शेवटी "काका, आवाज येतोय पण बिघाड नाहीये," असं सांगून तो गेला आणि आजोबांचं काही समाधान झालं नाही. खरं तर प्लंबरचं बोलणं शब्दशः बरोबर होतं. चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची: ती लाट पहिल्या मोटारीची नाही आणि दुसरीचीही नाही. एक मोटर बंद केली की ती नाहीशी होते, मग कुठलीही बंद करा.

मोटारीच्या पाटीवर बहुतेक वेळा मिनिटाला २८८० फेरे असं छापलेलं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दोन ध्रुवांच्या मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि रोटर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, त्याच्या थोडा मागे राहतो. किती मागे, ते पंपावरचा भार, पाइपची उंची, वाइंडिंगचं वय यांवर ठरतं. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन मोटारीसुद्धा अगदी सारख्या फिरत नाहीत. समजा पंपाच्या पंख्याला ६ पाती आहेत. २८८० फेरे म्हणजे सेकंदाला ४८, आणि दर फेऱ्याला पाण्याला ६ धक्के, म्हणजे २८८ हर्ट्झचा सूर. शेजारची मोटर २८७० नं फिरत असेल तर तिचा सूर २८७. दोन्ही सूर एकदम कानावर आले की सेकंदाला एक लाट. २८८० फेऱ्यांत १० फेऱ्यांचा फरक प्लंबरच्या हाताला कळणं शक्यच नव्हतं, पण आजोबांच्या कानानं तो तीन मजले वरून पकडला होता. एकट्या मोटारीतही कधी कधी बारीक थरथर ऐकू येते. ती विजेच्या १०० हर्ट्झच्या गुणगुणीची आणि रोटरच्या दुप्पट वेगाची, म्हणजे ९६ ची, आपापसातली कुरबुर असते: सेकंदाला चार.

या लाटांना पाठ्यपुस्तकात विस्पंद म्हणतात. दोन वारंवारतांमधला फरक जितका, तितके सेकंदाला विस्पंद. बारावीच्या कुठल्याही मुलाला हे तोंडपाठ असतं. पण सेकंदाला एक लाट आली एवढ्यावरून दुसरी मोटर २८७ ची की २८९ ची, हे सांगता येत नाही.

फरक कळतो, बाजू कळत नाही.

अज्ञात वारंवारता शोधायचा सगळा उद्योग या एका अडचणीभोवती फिरतो, आणि नेमका तोच भाग आपल्याकडे गणितात गुंडाळून टाकला जातो. प्रश्न ठरलेला: २५६ हर्ट्झचा नादकाटा (ठोकल्यावर एकच सूर देणारा, दोन भुजांचा पोलादी काटा) एका अज्ञात काट्याबरोबर सेकंदाला ४ विस्पंद देतो, अज्ञात काट्याला मेण लावल्यावर २ देतो, तर अज्ञात काटा किती हर्ट्झचा? उत्तर २६०. मेणानं काट्याची भुजा जड होते, वारंवारता उतरते. उतरल्यावर फरक कमी झाला, म्हणजे ती मुळात वर होती. तीन ओळींत गुण पदरात. हा प्रश्न सोडवणाऱ्यांपैकी कितीजणांनी विस्पंद प्रत्यक्ष ऐकलेले असतात, याबद्दल मला शंका आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात आठ काट्यांची पेटी असते, २५६, २८८, ३२०, ३४१, ३८४, ४२६, ४८०, ५१२, आणि ती बहुधा अनुनादाच्या नळीपुरतीच बाहेर निघते.

प्रत्यक्ष करायला बसलं की पहिली गोष्ट कळते ती अशी की काटा वाजवणं हेसुद्धा कसब आहे. टेबलाच्या कडेवर आपटला तर मूळ सुराच्या सहापटीहून थोडा वरचा, कर्कश धातूचा आवाज आधी येतो आणि तो विरेपर्यंत काहीच मोजता येत नाही. शिवाय आपटून आपटून काट्याला बारीक पोचे पडतात आणि त्याची वारंवारता कायमची सरकते. रबरी बुचावर किंवा तळहाताच्या मांसल भागावर, टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर हलका ठोका द्यायचा. दुसरी गोष्ट, काटा कानाजवळ धरून बोटांत फिरला तरी आवाज कमीजास्त होतो. एका पूर्ण फेऱ्यात चार जागी तो जवळजवळ गप्प होतो, कारण दोन भुजांमधून निघालेल्या लहरी त्या दिशांना एकमेकींना मारतात. नवशिक्याचा हात थरथरतो आणि तो ती थरथर विस्पंद म्हणून मोजून बसतो. म्हणून दोन्ही काट्यांचे दांडे लाकडी टेबलावर किंवा पोकळ खोक्यावर टेकवायचे आणि मग हात स्थिर, डोकंही स्थिर. बंद खोलीत डोकं हलवलं तरी भिंतीवरून परतलेल्या आवाजामुळे चढउतार जाणवतो, आणि तोही विस्पंद नव्हे.

दोन्ही आवाज कानाला सारखे मोठे लागले पाहिजेत. एकाचा आयाम, म्हणजे लहरीची उंची, दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर लाटेचा माथा ३ आणि तळ १; आवाज ओसरतो पण गप्प होत नाही. सारखे असतील तर तळाशी क्षणभर पूर्ण शांतता. माथा बोथट असतो, तळ टोकदार. म्हणून मोजायचं ते गप्प होणं, मोठं होणं नव्हे. आणि पहिल्या शांततेला "शून्य" म्हणायचं. पहिल्यालाच "एक" म्हटलं की १० सेकंदांत ४० च्या जागी ४१ भरतात आणि उत्तरात ०.१ हर्ट्झची भर फुकट पडते. मोजायचा वेळ जितका लांब तितकं उत्तर नेमकं: १० सेकंद मोजलं आणि एखादी लाट इकडेतिकडे झाली तर चूक ०.१ हर्ट्झची, ३० सेकंद मोजलं तर तिच्या तिसऱ्या हिश्श्याची. अडचण एवढीच की चांगला काटासुद्धा तितका वेळ दमदार वाजत नाही, आणि दोन काटे वेगवेगळ्या गतीनं विरतात, त्यामुळे लाटेची खोली शेवटी शेवटी जाते. सेकंदाला दोन ते पाच विस्पंद कानाला सोयीचे. सहा-सातच्या पुढे मोजणं तुटतं, पंधरा-वीसच्या पुढे लाट अशी उरतच नाही, आवाज नुसता खरखरीत होतो.

मेणाची गंमत त्याहून मोठी. गणितात मेण "थोडं" असतं, टेबलावर ते किती थोडं हे कुणी सांगत नाही. मधमाशीचं मेण बोटात मऊ करून मोहरीएवढा दाणा भुजेच्या अगदी टोकाला लावायचा. टोक सर्वांत जास्त हलतं, म्हणून तिथलं वजन सर्वांत जास्त बोलतं. तोच दाणा बुडाशी लावला तर फरक जवळजवळ दिसणारच नाही. शक्य तर दोन्ही भुजांना सारखं लावायचं, नाहीतर काट्याचा तोल जातो, दांडा थरथरतो आणि आवाज लवकर मरतो. आता सापळा बघा. अज्ञात काटा खरोखर २६० चा आहे, पण वाटाण्याएवढं मेण लावल्यामुळे तो उतरत उतरत २५६ च्या खाली २५१ वर गेला. विस्पंद चारचे पाच झाले. वाढले, म्हणजे काटा मुळात खाली होता, म्हणजे २५२. उत्तर चुकलं, आणि एकही पायरी चुकलेली नाही. त्यामुळे मेण एकदम न लावता कणाकणानं वाढवायचं आणि दर वेळी ऐकायचं. ४, ३, २, १, स्तब्ध, आणि मग पुन्हा १, २ असा प्रवास ऐकू आला तर शंकेला जागाच राहत नाही. आकड्यांपेक्षा हा कल महत्त्वाचा. प्रश्नपत्रिकेत मात्र दोनच आकडे दिलेले असतात आणि मधला प्रवास गृहीत धरलेला असतो.

मोटारीला मेण लावता येत नाही. पण फोनमध्ये सूर काढणारी ॲप फुकट मिळतात, आणि तिथे मेणाचं काम आपलं बोट करतं. एकच मोटर चालू ठेवून आधी तिचा सूर स्वतः गुणगुणून ॲपची पट्टी त्याच्या आसपास आणायची. २८० वर फोन लावला तर सेकंदाला आठची फडफड ऐकू येईल. २८५ वर तीन. २८६ वर दोन. म्हणजे वर जाताना लाट संथ होतेय, मोटर वर आहे. २८७ वर एक, मग स्तब्ध, मग २८९ ला पुन्हा एक. इथे बहुतेकांना वाटतं की लाट पूर्ण थांबते ती जागा शोधावी. ते अवघड आहे, कारण अगदी संथ लाट आणि थांबलेली लाट यांत कान गोंधळतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंना सारख्या वेगाची लाट येईल अशा दोन जागा शोधायच्या, २८६ ला दोन आणि २९० ला दोन, आणि मधोमध जायचं. फोनचा स्पीकर लहान असतो, ४८ हर्ट्झ त्यातून निघतच नाही. म्हणून पात्यांचा २८८ चाच सूर पकडायचा, आणि फोन इतका लांब धरायचा की त्याचा आवाज मोटारीच्या आवाजाइतकाच वाटेल. फोनमधलं घड्याळ या कामासाठी हवं त्याहून कितीतरी अचूक असतं. मोटारच तितकी प्रामाणिक नसते. ग्रिडची वारंवारता साधारण ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात हलत असते, व्होल्टेज पडतं, टाकी भरत जाते. ०.१ हर्ट्झच्या पुढची नेमकेपणाची हौस तिथे करू नये.

दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडायची ही युक्ती सोनोमीटरवरही, म्हणजे खोक्यावर ताणलेल्या तारेच्या उपकरणावरही, वापरतात, आणि कागदावर ती फार देखणी दिसते. तार ताणलेली, वजन तेच. काट्याच्या सुरापेक्षा तार थोडी आखूड केली की ती वर जाते आणि ४ विस्पंद देते. थोडी लांब केली की खाली जाते आणि पुन्हा ४ देते. लांबी ४९.२ सेंमी आणि ५०.८ सेंमी आली. तारेची वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून काट्याची वारंवारता = विस्पंद गुणिले लांब्यांची बेरीज भागिले लांब्यांचा फरक. ४ × १०० ÷ १.६ = २५०. कुठलाही ओळखीचा काटा न वापरता, नुसतं घड्याळ आणि पट्टी घेऊन अज्ञात वारंवारता हाती आली! आता पट्टी वाचताना एका मिलिमीटरची चूक करून बघा. १.६ चा फरक १.७ झाला की उत्तर २३५ येतं. मिलिमीटरला पंधरा हर्ट्झ. सूत्र सुंदर आणि मोजमाप दरिद्री, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही हा प्रयोग सगळ्यांनी एकदा करावा असं माझं मत आहे, कारण नुसत्या फरकांवरून मूळ आकडा कसा निघतो याची चुणूक इथे मिळते.

ती गोष्ट नीट जमवली दोघांनी, सव्वाशेहून जास्त वर्षांच्या अंतरानं. १७०० च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ सोव्हर यानं ऑर्गनच्या दोन खर्जातल्या नळ्या घेतल्या, २४ : २५ या प्रमाणात लावलेल्या. प्रमाण नळ्यांच्या सुरांवरून माहीत, फरक विस्पंद मोजून माहीत: सेकंदाला ४. चोवीस आणि पंचवीस यांतला एक भाग म्हणजे ४, तर नळ्या ९६ आणि १०० च्या. ध्वनीचा अभ्यास करणाऱ्या या माणसाला स्वतःला नीट ऐकू येत नसे आणि सुरांची पारख तो गवयांच्या कानांवर सोपवत असे, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. दुसरा माणूस जर्मनीतल्या क्रेफेल्डचा योहान शायब्लर, धंद्यानं रेशमाचा कारखानदार. १८३४ मध्ये त्यानं ५६ नादकाट्यांची एक माळ मांडली. पहिला २२० चा, शेवटचा ४४०, आणि प्रत्येक काटा शेजारच्यापेक्षा ४ नं वर. आता २२० हा आकडा त्याला कुणी सांगितला? कुणीच नाही. पहिला आणि शेवटचा काटा कानानं बरोबर सप्तकाच्या अंतरावर, म्हणजे एकास दोन, लावलेले. मधल्या ५५ जोड्यांचे विस्पंद एकेक करून मोजायचे आणि बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे दोन टोकांमधला फरक, आणि एक टोक दुसऱ्याच्या दुप्पट असल्यामुळे तो फरक हीच खालच्या काट्याची वारंवारता. ५५ × ४ = २२०. सोनोमीटरवर एकाच छोट्या फरकाला सगळा भार सोसावा लागतो. शायब्लरनं तो पंचावन्न जागी वाटून दिला. शिवाय अशी माळ तयार झाली की त्या सप्तकातला कुठलाही अज्ञात सूर तिच्यातल्या दोन शेजारी काट्यांच्या मध्ये सापडतोच. खालच्याशी १ विस्पंद आणि वरच्याशी ३, म्हणजे बाजूचा प्रश्नच मिटला. मेण नको. त्याच साली त्यानं श्टुटगार्टला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत वरचा 'ए' हा पाश्चात्त्य स्वर ४४० चा धरावा असं सुचवलं. आज आपल्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, त्याच आकड्यावर लागतात.

काट्यावर कोरलेला आकडा मात्र कुठल्या तरी एका तापमानाचा असतो. पोलाद तापलं की मऊ पडतं, आणि काटा दर अंशाला साधारण नऊ हजारांत एक भाग उतरतो. पुण्यात जानेवारीतल्या सकाळी १२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८. ५१२ चा काटा एवढ्या फरकात जवळजवळ दीड हर्ट्झ खाली येतो. दोन्ही काटे पोलादीच असतील तर दोघेही सारख्याच प्रमाणात उतरतात, विस्पंद जवळजवळ तेच राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. तापलेला काटा फोनच्या सुराशी लावून पाहिला की चोरी उघडी पडते. एक काटा बराच वेळ मुठीत धरून ठेवला तरी हिवाळ्यात फरक ऐकू येतो.

तंबोरा लावणाऱ्या माणसाला यातलं एकही सूत्र माहीत असायची गरज नसते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात डिसेंबरच्या संध्याकाळी कलाकार येऊन बसतात, निवेदन संपतं, आणि तरी पाचदहा मिनिटं नुसते तंबोरे लागत असतात. मागच्या रांगेतून "आता करा की सुरू" असा पुणेरी उसासा ऐकू येतो. स्टेजवर त्या वेळी चाललेलं असतं ते शुद्ध विस्पंदांचं काम. काळी एकच्या, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गाणाऱ्या, पुरुष गवयासाठी जोडाच्या दोन पोलादी तारा १३८.६ हर्ट्झवर, खर्ज तिच्या निम्म्यावर, पंचम १०४ च्या आसपास. आधी जोडाची एक तार खुंटीनं पट्टीला आणायची, मग दुसरी तिच्याशी मिळवायची. दुसरी तार अर्ध्या हर्ट्झनं उतरलेली असेल तर मूळ सुरात दोन सेकंदांना एक लाट, जी चटकन कळतसुद्धा नाही. पण तंबोऱ्याच्या तारेत चौथा, आठवा असे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या चौपट, आठपट वारंवारतेचे बारीक सूर, भरपूर असतात, आणि तिथे तोच फरक चौपट, आठपट होतो. आठव्या स्वरांशात सेकंदाला चार लाटा. लागलेल्या कानाला ऐकू येतात त्या या वरच्या लाटा. फोनवरचा ट्यूनर एक सेंटपर्यंत (पेटीच्या लगतच्या दोन सुरांतल्या अंतराच्या शंभराव्या भागापर्यंत) बरोबर दाखवत असेल तर या सुराला तो ०.०८ हर्ट्झची चूक सोडून देतो, म्हणजे साडेबारा सेकंदांना एक लाट. आठव्या स्वरांशात ती दीड सेकंदाला एक पडते. हिरवा दिवा लागूनही बुवा तारेत ओवलेला मणी सरकवत बसतात, त्याचं कारण हे.

जवारीचं, म्हणजे तंबोऱ्याच्या भरदार झंकाराचं, रहस्य इथेच आहे. तार आणि ती जिच्यावर टेकते त्या घोडीच्या मध्ये सरकवलेला सुताचा धागा तारेची वारंवारता फारशी बदलत नाही, पण तो बरोबर जागी आला की वरचे स्वरांश फुलतात. घोडीच्या पसरट, किंचित गोलाकार पाठीमुळे तारेत एरवी येऊ नयेत असे स्वरांशही येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिताना दाखवून दिलं होतं. जवारी बंद असलेला तंबोरा लावणं म्हणूनच अवघड: मोजायच्या लाटाच ऐकू येत नाहीत. आणि इथे मेणाच्या जागी मणी असतो. लाट आहे, पण तार चढी की उतरी कळत नाही. मग मणी किंचित खाली दाबायचा, तार ताणली जाऊन चढेल. लाट संथ झाली तर उतरी होती, दाबत राहा. वेगात आली तर उलट फिरा. मणी हलवायच्या आधी काही लोक घोडीच्या मागे तारेवर नुसतं बोट दाबून बघतात. क्षणभर तार चढते, उत्तर मिळतं, काही बिघडत नाही. उघड्या मैदानातली थंडी हेही कारण आहेच. गार झाली की पोलादी तार आक्रसते आणि चढते, स्टेजवरच्या दिव्यांनी उतरते, आणि ग्रीनरूममध्ये अगदी मिळालेला तंबोरा बाहेर येऊन दहा मिनिटांत लाटा घेऊ लागतो.

संगीताच्या परीक्षांच्या पुस्तकांत षड्ज २४० आंदोलनांचा आणि पंचम ३६० चा लिहिलेला असतो. तो आकडा भागाकाराला सोयीचा म्हणून घेतलेला. पेटीवर २४० कुठेच नाही. काळी पाचच्या थोडं वर आणि पांढरी सातच्या थोडं खाली, दोन पट्ट्यांच्या फटीत तो पडतो. महत्त्वाची असतात ती प्रमाणं, आणि याच प्रमाणांसाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची मदत घेऊन सप्तकातल्या २२ श्रुतींचा, म्हणजे बारीक स्वरांतरांचा, हिशेब मांडला. १९१० साली ते काम पुण्यातून छापून निघालं. शुद्ध प्रमाणांचे सूर आणि पेटीचे सूर यांच्यातल्या वादांत इथे शिरायला नको. पण पेटी आणि तंबोरा शेजारी ठेवून नुसते विस्पंद मोजले तरी भांडण कशाचं आहे ते ऐकू येतं. पांढरी एक २६१.६ ची. आजच्या पेटीवरचा तिचा पंचम ३९२.०. षड्जाचा तिसरा आणि पंचमाचा दुसरा स्वरांश जुळायला हवेत, ते ०.९ नं चुकतात: सेकंदाला एकही पूर्ण लाट नाही, कान माफ करतो. गंधाराचं तसं नाही. पेटीचा गंधार ३२९.६, तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा ३२७.०. षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा स्वरांश समोरासमोर आले की सेकंदाला दहाच्या वर विस्पंद. ते मोजता येत नाहीत, नुसते बोचतात. यमनच्या आलापीत गंधारावर पेटीवाले हात हलका ठेवतात, काहीजण भाताच सैल सोडतात, त्यामागे ही दहा लाटांची खरखर आहे.

पेटीचे सूर जुळवणाऱ्या कारागिराचं काम या सगळ्याहून रोखठोक. पेटीच्या आत आवाज काढणारी पितळी पट्टी, जिला तो सूर म्हणतो: एका टोकाला रिव्हेट, दुसरं टोक मोकळं. चढवायचा तर मोकळ्या टोकाकडे घासायचं, वजन कमी होतं. उतरवायचा तर रिव्हेटकडे घासायचं, ताठरपणा कमी होतो. नादकाट्यालाही कानस लावली तर हाच नियम. घासताना पट्टीखाली पातळ पत्रा सरकवलेला असतो, नाहीतर पट्टी फटीत दबून वाकते. बाजू ओळखायची त्याची रीत अशी: संदर्भाचा सूर चालू ठेवून चावी पूर्ण दाबायच्या ऐवजी अर्धवट दाबायची. वाऱ्याची वाट अडली की सूर किंचित उतरतो. लाट संथ झाली तर पट्टी चढी आहे, वेगात आली तर उतरी. दोन सुरांच्या, म्हणजे एका चावीला दोन पट्ट्या असलेल्या, पेटीत मात्र चावी दोघांनाही एकदम उतरवते, म्हणून एकावर कागदाची चिंधी ठेवून तो आधी गप्प करावा लागतो, दुसरा संदर्भाशी मिळवावा लागतो, मग पहिला त्याच्याशी. भाता एकसारखा हवा. दाब वाढला-घटला की पट्टी सरकते आणि मोजलेल्या लाटा फुकट जातात. सूर बाहेर काढून तोंडानं फुंकून लावलेला असेल तर पेटीत बसवल्यावर तो पुन्हा ऐकावाच लागतो, कारण आतल्या पोकळीचाही त्यावर परिणाम होतो. आणि नुकत्याच घासलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. घासताना ती तापते, त्या क्षणी किंचित खाली बोलते, आणि गार झाल्यावर वर येते. पुढेही काही दिवस ती थोडी हलत राहते. म्हणून जाणता कारागीर पहिल्या दिवशी सेकंदाला अर्धी लाट ठेवून पेटी झाकून ठेवतो आणि गिऱ्हाइकाला चार दिवसांनी या म्हणतो.